पुरणयंत्राची बोली

श्यामकांत मुजुमदारांच्या हिशेबाने त्या पितळी यंत्रात चार फायदे होते, आणि चारही रोख. पहिला, बायकोच्या नजरेत दोन वर्षांपूर्वी मुक्कामाला आलेली एक बारीकशी शंका घर सोडून जाईल. दुसरा, होळीला सांगलीहून येणाऱ्या सासूबाई खूश होतील. तशी नोंद एकोणतीस वर्षांत एकदाही झालेली नव्हती. तिसरा, दोन वर्षं सांभाळत आणलेलं एक खोटं कायमचं मिटेल. चौथा फायदा सगळ्यांत गोड. चार-पाच हजारांची वस्तू सहाशे पन्नासात पडत होती, कारण विकणाऱ्याला आपण काय विकतोय हेच ठाऊक नव्हतं.

खर्चाच्या बाजूला त्यांनी काहीच मांडलं नाही. एवढीच काय ती चूक.

श्यामकांत एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कोलकात्यातल्या कार्यालयात मुख्य व्यवस्थापक होते, आणि तेही फसवणूक प्रतिबंध कक्षाचे. लोक कुठे, कसे आणि किती मूर्खपणाने फसतात हे बघायचा त्यांना पगार मिळे. तो पगार ते मन लावून कमवत. घरी आल्यावरही त्यांची नजर सुटीवर जात नसे. दुधाच्या पिशवीवरची तारीख ते दोनदा वाचत, एकदा पिशवी घेताना आणि एकदा गॅसवर ठेवताना.

मूळ भानगड बदलीची. दोन वर्षांपूर्वी मुजुमदार कुटुंब नाशिकहून बालीगंजच्या तिसऱ्या मजल्यावर आलं, तेव्हा श्यामकांतनी सगळ्या खोक्यांना नंबर घातले होते आणि यादीच्या तीन प्रती काढल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दारावर भंगारवाला आला. त्याने पाटी वाचली. मुजुमदार म्हणजे आपलेच बंगाली, असं समजून त्याने भरधाव बंगालीत सुरुवात केली. कोलकात्यात आपल्याला कोणीतरी इथलं समजलं याचा श्यामकांतना असा काही आनंद झाला की त्यांनी मान डोलवत प्रत्येक वाक्याला ‘हँ हँ’, म्हणजे ‘हो हो’, करून टाकलं. तो बाल्कनीतल्या वर्तमानपत्रांबद्दल विचारतोय अशी त्यांची समजूत. तो वर्तमानपत्रांबद्दलच विचारत होता. पण शेजारच्या सतरा नंबरच्या खोक्याबद्दलही विचारत होता. श्यामकांतनी डायरीत लिहिलं, ‘रद्दी विक्री, जमा रु. ३४०’, आणि बायकोला, शकुनला, म्हणाले, “इथे रद्दीला भाव चांगला आहे हं.”

सतरा नंबरच्या खोक्यात शकुनचं पुरणयंत्र होतं. आईने लग्नात दिलेलं, तीन पायांचं, अस्सल जड पितळेचं. वर पुरण घालायचं, दांडा फिरवायचा, खालच्या जाळीतून रेशमासारखं पुरण उतरायचं.

खोकं सापडेना तेव्हा श्यामकांतनी डायरी उघडली, तीनशे चाळीसचा आकडा पाहिला आणि त्यांना सगळं उमगलं. त्या क्षणी खरं बोलायला एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य त्यांनी वाचवलं आणि सामान हलवणाऱ्या कंपनीला सात पानी तक्रार लिहिली. नंतर चार स्मरणपत्रं. शेवटी कंपनीने कंटाळून दीड हजार रुपये भरपाई पाठवली. स्वतःच्या खोट्यावर एवढं व्याज सहसा कोणाला मिळत नाही.

“दीड हजार!” शकुन तेव्हा म्हणाली होती. “माझ्या आईच्या यंत्राचे?”

“तत्त्वाचा प्रश्न होता,” श्यामकांत म्हणाले होते, आणि पैसे बचत खात्यात टाकले होते.

सरलाबाईंना, म्हणजे सासूबाईंना, हे काहीच कळवलं नव्हतं. “तिला सांगितलं तर ती विमान पकडून येईल,” शकुन म्हणायची, “आणि यंत्रासाठी नाही, तुमच्यासाठी.” आता त्या तशाही येत होत्या. बुधवारचं तिकीट होतं आणि शुक्रवारी होळी. फोनवर त्यांनी हुकूम सोडून ठेवला होता, “पुरण मी वाटणार. माझ्याच यंत्रावर. ते मिक्सरमधलं पुरण म्हणजे लहान मुलाचं औषध लागतं मला.”

फोन ठेवून शकुनने श्यामकांतकडे बघितलं. तीच ती शंकेची नजर.

अशा वेळी श्यामकांतना ‘नीलामहाट’ नावाच्या लिलावाच्या साइटवर ते दिसलं. विकणारा कोलकात्याजवळच्या बजबजचा, निताई हाजरा, जुन्या वस्तूंचा व्यापारी. त्याने लिहिलं होतं: ‘ब्रिटिश काळातलं दुर्मिळ पितळी यंत्र. बहुधा फोर्ट विल्यममधल्या एखाद्या साहेबाच्या स्वयंपाकघरातलं. मांस बारीक करण्यासाठी. अंगावर संस्कृत मंत्र कोरलेला.’ मांसाच्या यंत्रावर कोणता साहेब संस्कृत मंत्र कोरून घेईल, हा प्रश्न फसवणूक प्रतिबंध कक्षाला पडायला हवा होता. कक्षाला फक्त किंमत दिसली. सहाशे पन्नास.

कोलकात्यात पुरणयंत्र ओळखणारी माणसं किती? महाराष्ट्र मंडळाची पाऊणशे कुटुंबं. त्यांतली नीलामहाटवर मांसाची यंत्रं कोण बघणार? कोणी नाही. श्यामकांतनी अडीच हजारांची कमाल मर्यादा मनाशी ठरवली, सातशेची बोली लावली आणि गप्प बसले. विकणाऱ्याला एकही प्रश्न विचारला नाही. विचारपूस केली तर त्याला वस्तूची किंमत कळेल, असा त्यामागचा विचार. फोटो मोठा करूनही पाहिला नाही. पुरणयंत्र ते पुरणयंत्र. पुरणपोळी खाणाऱ्याने ते कधी निरखलेलं असतं?

लिलाव येत्याच्या पुढच्या रविवारी दुपारी चारला संपायचा होता. मधे फक्त एक रविवार होता. त्या रविवारी मंडळात श्यामकांतचं व्याख्यान होतं.

विषय त्यांनीच दिलेला: ‘ऑनलाइन लिलावात फसू नका.’ हॉल भरला होता, कारण व्याख्यानानंतर बटाटेवडे होते. स्लाइड्स मुलीने, नूपुरने, केल्या होत्या. नूपुर कॉलेजात शिकणारी, पाच शहरांत वाढलेली, मराठी समजणारी आणि बोलताना लिंगाच्या बाबतीत उदार. श्यामकांतनी आपला मोबाइल तिच्या हातात देऊन सांगितलं होतं, “संशयास्पद जाहिरातीचा एखादा नमुना टाक.”

“मित्रहो,” श्यामकांत पडद्याकडे पाठ करून म्हणाले, “लिलावात पहिला शत्रू चोर नसतो. पहिला शत्रू आपला हात. म्हणून शेवटचा आकडा आधी ठरवायचा. साइटला तो एकदाच सांगून ठेवायचा. मग तुमच्या वतीने साइटच पन्नास-पन्नासने चढत राहते, आणि तुम्ही खुशाल घरकाम करा. दुसरं, विकणाऱ्याचा पूर्वेतिहास बघा. आधीची गिऱ्हाइकं काय म्हणतात ते वाचा. तिसरं, फोटो. फोटो मोठा करून बघायचा, अगदी काठ, कोपरे, पाय...”

इथे नूपुरने चौथी स्लाइड लावली. श्यामकांतच्या मागे भिंतभर, सहा फूट उंचीचं पितळ झळकलं.

पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. आपलं बोलणं लोकांना भिडतंय असं वाटून श्यामकांतनी आवाज चढवला. “बारकाईने बघा! विकणारा काय सांगतो त्यावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा! काय दिसतंय?”

“पुरणयंत्र!” तीस बायका एकदम म्हणाल्या.

श्यामकांत वळले. मग पुन्हा लोकांकडे वळले. त्यांचा चेहरा लेखापरीक्षणाच्या दिवशी शाखाधिकाऱ्याचा होतो तसा झाला होता.

“नव्हे,” ते म्हणाले. “हे... मांसाचं यंत्र आहे. खाली लिहिलंय बघा. साहेबाचं.”

“अहो मुजुमदार,” फोर्ट विल्यममधल्या कर्नलसाहेबांच्या पत्नी सुनीतीबाई उभ्याच राहिल्या. “अगदी अस्संच आमच्या आजेसासूबाईंकडे होतं. त्या काय कीर्तनाला जाण्याआधी खिमा काढत होत्या?”

“कितीला आहे हो?” मागून कोणीतरी विचारलं.

“सातशेला!” ज्याची दृष्टी चांगली होती अशा माणसाने वाचून दाखवलं, आणि हॉलमध्ये साठ-सत्तर मोबाइल एकदम पेटले.

“मित्रहो, आपण चौथ्या सूत्राकडे...” श्यामकांत म्हणाले. चौथं सूत्र कोणी ऐकलं नाही. एकच बाई वहीत लिहून घेत होती, ती म्हणजे शकुन. दुसऱ्या रांगेत बसून ती पडद्याकडे टक लावून बघत होती. मग तिने हात वर केला.

“सर,” ती म्हणाली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच सर. “वस्तू मुळात कोणाची होती, हे गिऱ्हाइकाने कसं शोधायचं?”

श्यामकांतना बरं वाटलं. चला, निदान घरचं माणूस तरी विषयावर आहे. “उत्तम प्रश्न! विकणाऱ्याला सरळ विचारायचं, तुझ्याकडे ही कुठून आली? साइटवरच विचारायचं, म्हणजे लेखी राहतं. प्रामाणिक असेल तो सांगतो. लबाड असेल तो गडबडतो.”

“आणि घेणाराच लबाड असेल तर?”

हॉल हसला. श्यामकांतही हसले. “त्यासाठी वेगळं व्याख्यान ठेवावं लागेल.”

“ठेवू या की,” शकुन म्हणाली, आणि वही मिटली.

घरी येताना टॅक्सीत श्यामकांतनी मुलीला धारेवर धरलं. “नमुना टाक म्हटलं तर नेमका तोच टाकायचा?”

“बाबा, मला वाटला तो मटणचा मशीन आहे,” नूपुर म्हणाली. “तिथं तसंच लिहिला होता. आणि तुझ्या फोनमध्ये त्याचेच अकरा स्क्रीनशॉट होते. का होते?”

“संशोधन,” श्यामकांत म्हणाले. शकुन खिडकीतून बाहेर बघत होती.

बटाटेवडे पचायच्या आत बोली अठराशेला गेली. मंगळवारी अडीच हजार झाली. श्यामकांतनी आपली मर्यादा तीन हजारांवर नेली, ‘विशेष परिस्थितीत’ असं स्वतःलाच कारण देऊन. गुरुवारी सुनीतीबाईंनी अडतीसशे लावले. त्या मंडळाच्या ग्रुपवर तसं जाहीरच करून मोकळ्या झाल्या. बाकीचे गळाले. शनिवारी श्यामकांत अडतीसशे पन्नासला गेले आणि सुनीतीबाईंनी ग्रुपवर लिहिलं, ‘आम्ही सोडलं. कोणाला मिळेल त्याने एकदा वाटायला द्यावं.’ श्यामकांतनी सुटकेचा श्वास टाकला. तो पुरता बाहेर पडला नव्हता तोच बोली एकोणचाळीसशे झाली. कोणीतरी नवीन आलं होतं. साइटवर बोली लावणाऱ्याचं नाव दिसत नाही. ‘गिऱ्हाईक क्रमांक ४१’ एवढंच दिसत होतं.

रविवारी दुपारी साडेतीनला श्यामकांत कोचावर मोबाइल घेऊन बसले. समोर जेवणाच्या टेबलाशी शकुन मेथी निवडत होती. तिचा मोबाइल फ्रिजवर चार्जिंगला लावलेला.

श्यामकांतनी चार हजार लावले. पापणी लवायच्या आत चार हजार पन्नास. त्यांनी साडेचार लावले. लगेच साडेचारच्या वर पन्नास. हा एक्केचाळीस नंबरचा माणूस बोटांचा राक्षस असावा. सुनीतीबाईंनी माघार घेतल्याचं नाटक करून एखाद्या जवानाला मोबाइलवर बसवलं असेल, असंही त्यांच्या मनात आलं.

“काय चाललंय?” शकुनने एक काडी बाजूला टाकत विचारलं.

“ऑफिसचं.”

“रविवारी?”

“फसवणुकीला रविवार नसतो.”

“तेही खरंच,” शकुन म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.

पाच हजार. पाच हजार पन्नास. साडेपाच. साडेपाच आणि पन्नास. अडीच हजारांची मर्यादा कुठल्याशा मागच्या स्टेशनावर उतरून गेली होती. पण बुधवारी विमान येणार होतं, विमानातून सरलाबाई उतरणार होत्या, आणि उतरल्या उतरल्या विचारणार होत्या. सहा हजार. सहा हजार पन्नास. चारला दोन मिनिटं होती. श्यामकांतनी सहा हजार शंभर टाकले. सहा हजार दीडशे! त्यांनी दात-ओठ खाऊन सात हजारांचा सात टाईप केला.

“अहो, जरा हरभऱ्याच्या डाळीचा डबा काढून द्या. वरच्या फळीवर आहे, माझा हात पुरत नाही.”

“एक मिनिट!”

“पुरणाची डाळ आहे. आईसाठी. एक मिनिट कसलं?”

एकोणतीस वर्षांचा सराव असलेले पाय आपोआप उठले. स्टूल ओढलं, चढले, डबा काढला, उतरले. मोबाइल उचलला तेव्हा चार वाजून गेले होते. ‘लिलाव संपला. विजेता: गिऱ्हाईक क्रमांक ४१. किंमत रु. ६,१५०.’

“हा डबा रव्याचा आहे,” शकुन म्हणाली.

श्यामकांत कोचावर बसले ते बसलेच. नुकसान मोजायला आकडाच नव्हता. फुकटात सुटलो म्हणावं तर तसंही नाही. बुधवार आणखी जवळ आला होता. आता खरं सांगावं, असं त्यांच्या मनात अर्धा क्षण आलं. सांगायचं काय? तीनशे चाळीस, सात पानं, दीड हजार. सगळंच तिथे लेखी होतं, त्यांच्याच अक्षरात.

पाच वाजता मोबाइलवर अनोळखी नंबरवरून संदेश आला, इंग्रजीत. ‘सर, नीलामहाटवरच्या पितळी यंत्राबाबत. विजेत्याने माघार घेतली. दुसऱ्या क्रमांकाची बोली तुमची, म्हणून तुम्हाला दुसरी संधी. पाच हजार आत्ता पाठवा, उरलेले वस्तू मिळाल्यावर. साइटवर नको, कमिशन लागतं. सोबत क्यूआर. उद्या संध्याकाळी बालीगंज स्टेशनवर माल मिळेल. पंधरा मिनिटांत कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतो.’

बँकेच्या कार्यालयात कोणी हा संदेश दाखवला असता तर श्यामकांतनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला असता. साइट सोडून बाहेर व्यवहार, आगाऊ पैसे, घाई; आणि विकणाऱ्याला आपला नंबर मुळात मिळाला कुठून? या प्रत्येक मुद्द्यावर त्यांची एकेक स्लाइड होती. पण अडलेल्या माणसाला दुसऱ्याच गोष्टी दिसतात. ‘सर म्हणतोय म्हणजे सभ्य आहे,’ त्यांना दिसलं. ‘कमिशन वाचतंय,’ हेही दिसलं. त्यांनी क्यूआर स्कॅन केला, स्क्रीनवर घेणाऱ्याचं जे नाव ठसठशीत उमटलं त्यावर अंगठा आपटून पुढे गेले, पिन टाकला. पाच हजार गेले.

दाराशी नूपुर उभी होती. “काय झाला बाबा? खूश दिसतोस.”

“काही नाही. एक काम मार्गी लागलं.”

“वा,” नूपुर म्हणाली आणि घाईघाईने स्वयंपाकघरात गेली. आतून भांडं पडल्यासारखा, पण भांडं नसलेला, आवाज आला. हसू दाबल्यावर येतो तसा.

सोमवारी श्यामकांत ऑफिसातून लवकर निघाले आणि बालीगंजच्या फलाटावर बाकावर बसले. हातात रिकामी गोणपाटाची पिशवी. इथे ‘भांड’ म्हणतात त्या मातीच्या पेल्यातला चहा दोनदा पिऊन झाला. त्या अनोळखी नंबराला त्यांनी तीन फोन केले. कोणी उचलला नाही. ऑफिसात समोरच्या खुर्चीवर येऊन बसणारी सगळी माणसं त्यांना आठवली. त्यांना ते म्हणत, “तुम्ही शिकलेले ना हो?”

बजबजची गाडी आली. गर्दी उतरली. लेडीज डब्यातून एक बाई उतरली, डाव्या खांद्यावर पर्स, उजव्या हातात सुतळीने बांधलेलं जड पोतं. पोत्याने ती एका अंगाला कलली होती. ती सरळ त्यांच्या बाकाशी आली आणि पोतं त्यांच्या पायाशी ठेवलं. आतून पितळ वाजलं.

“शकुन? तू इथे कशी?”

“माल घेऊन आले. दुसरी संधी म्हणाला होता ना तो?”

श्यामकांतनी रिकामी पिशवी पाठीमागे लपवली.

“सरका जरा,” शकुन बाकावर टेकली. “दमले बाई. निताईबाबू भला माणूस हो. चहा दिला, रसगुल्ला दिला. तुमचं चौथं सूत्र, वस्तू बघितल्याशिवाय पैसे पक्के करायचे नाहीत. बघून आले. मग साइटवर ‘मिळालं’ म्हणून बटण दाबलं. तुम्ही शिकवल्याप्रमाणेच सगळं.”

“म्हणजे... एक्केचाळीस नंबर...?”

“मी. दहा हजारांची मर्यादा साइटला सांगून ठेवली आणि मेथी निवडायला बसले. तुम्हीच म्हणालात ना, खुशाल घरकाम करा?”

“पण कशाला एवढे पैसे... कुठलंतरी यंत्र...”

“कुठलंतरी?” शकुनने सुतळी सोडून पोतं खाली ओढलं. काठाला एक पोचा होता. नूपुर चार वर्षांची असताना तिने ते पाटावरून ढकललं होतं. तीन पायांतल्या एकाला लोखंडी बोल्ट होता, अकोल्याच्या बदलीत बसवलेला. आणि निताईबाबूंनी संस्कृत मंत्रावर लावलेली किमतीची चिठ्ठी आता निघाली होती. श्यामकांतनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मंत्र वाचला: ‘चि. सौ. कां. शकुन हिस सप्रेम. आई.’

गाडी निघून गेली. फलाट जरा मोकळा झाला.

“सहा फुटांचा फोटो होता तुमच्या पाठीमागे,” शकुन म्हणाली. “मी पोचा ओळखला, बोल्ट ओळखला. मग तुमच्या सूत्राप्रमाणे विकणाऱ्याला साइटवर लेखी विचारलं, हे तुमच्याकडे कुठून आलं? वाचून दाखवू उत्तर?” तिने मोबाइल काढला. “‘मॅडम, माल चोरीचा नाही. दोन वर्षांपूर्वी बालीगंजच्या भंगारवाल्याकडून घेतला. त्याने मजुमदारबाबूंच्या घरून उचलला होता. बाबूंना दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हँ म्हणाले. भंगारवाला म्हणत होता, कसले हे मजुमदार, यांना बांगलाच येत नाही.’”

श्यामकांतनी कपाळावरचा घाम पुसला. “मी सांगणार होतो.”

“कधी?”

“योग्य वेळी.”

“सात पानं लिहायला वेळ होता तेव्हा तुम्हाला.”

“तू चिडली आहेस.”

“चिडले ना. पाच हजारांची चिडले.”

तेवढ्यात श्यामकांतचा फोन वाजला. मंडळाच्या खजिनदार विनीताबाई. आवाज इतका आनंदी होता की शेजारच्या बाकावरच्यालाही ऐकू गेला.

“मुजुमदारसाहेब, काय हे! पाच हजार? होळीच्या वर्गणीला? गेल्या वर्षी पाचशे एकवरून आपण साडेतीनशेवर आलो होतो, आठवतंय ना? मी तर डोळे चोळून दोनदा बघितलं. पावती फाडलीय हं, कार्यक्रमात तुमचं नाव पहिलं वाचणार!”

श्यामकांतनी फोन खाली घेतला आणि शकुनकडे पाहिलं.

“क्यूआर मंडळाचा होता,” ती म्हणाली. “नूपुरने पाठवला, तिच्या मैत्रिणीच्या फोनवरून. खोटं काही केलं नाही आम्ही. स्क्रीनवर मंडळाचं आख्खं नाव आलं होतं. वाचलं असतंत तर पैसे वाचले असते. ‘नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका’, सूत्र सहावं.”

“चष्मा नव्हता तेव्हा.”

“कपाळावर होता. पोर बघत होती दारातून.”

“परत मागता येतील?” त्यांनी हळूच विचारलं.

“मागा की. विनीताला फोन करून सांगा, मला वाटलं मी भामट्याला पाठवतोय, म्हणून पाठवले.”

श्यामकांतनी या वाक्याचा बराच विचार केला. फसवणूक प्रतिबंध कक्षाच्या मुख्य व्यवस्थापकाने म्हणण्यासारखं ते नव्हतं. मग त्यांनी पोतं उचललं. जड होतं. दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याने ते ओझं जिन्यावरून उतरवताना त्यांनी त्याला सांभाळून ने म्हणून बजावलं होतं. ते आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि जरासं हसूही आलं.

“आईंना सांगणार?”

“ते तुमच्यावर आहे,” शकुन म्हणाली. “आधी त्या कंपनीला पत्र लिहा. दीड हजार परत. सात पानं नकोत, एक पुरे. मी सांगते, तुम्ही लिहा.”

शुक्रवारी सकाळी सरलाबाईंनी पाट मांडला आणि यंत्र पुढ्यात घेतलं. दोन्ही हातांनी फिरवून बघितलं, पोचा चाचपला, जाळी उजेडाकडे धरली. श्यामकांत भिंतीला टेकून उभे होते. घासून घासून त्यांच्या बोटांना चिंचेचा वास येत होता.

“बदल्यांत बायकांच्या वस्तूंची काय दैना होते, मला माहीत आहे,” सरलाबाई म्हणाल्या. “हे मात्र नवंकोरं ठेवलंय. श्यामकांत, वस्तू जपता हो तुम्ही.”

नूपुरने तोंडात पदरासारखी ओढणी कोंबली. शकुन पातेल्यात बघत राहिली; तिच्या मते हा निर्णय त्यांचा होता.

श्यामकांतनी खाकरून घसा साफ केला. “आई, तसं नाही. मी ते रद्दीत घातलं होतं. तीनशे चाळीसला.”

सरलाबाई पाटावरून उठल्या. “बसा,” त्या म्हणाल्या. “दोन किलो डाळ आहे. दांडा उजवीकडे फिरतो.”

आता जमाखर्च. जमा: रद्दीचे तीनशे चाळीस आणि भरपाईचे दीड हजार, म्हणजे अठराशे चाळीस. खर्च: लिलावात सहा हजार दीडशे, दोघांच्या खात्यातून, ज्यात पगार एकाचाच जमा होतो, पैकी तेवीसशे निव्वळ नवऱ्याने बायकोवर बोली चढवल्याचे, कारण सुनीतीबाई अडतीसशेला थांबल्या होत्या. मंडळाची देणगी पाच हजार. कंपनीला परत दीड हजार. तूट दहा हजार आठशे दहा. निताईबाबूंना नफा, मंडळाला नफा, मंडळींना पोळ्या. ठरवलेल्या चार फायद्यांपैकी पदरात पडला एकच, सासूबाई खूश झाल्याची नोंद. तीही त्यांनी स्वतःच्याच तोंडाने अर्ध्या मिनिटात खोडली. दोन किलो पुरणाची मजुरी धरलेली नाही. भरणार श्यामकांत मुजुमदार.